डोळ्यांची आग होतेय? ड्रॉप्सची बाटली उघडण्याआधी हे वाचा

वाचकांचे प्रश्न, डोळ्यांच्या डॉक्टरांची उत्तरं

या वेळी डोळ्यांची आग, चुरचुर आणि लाली यावरच इतके प्रश्न आले की बाकीचे विषय पुढच्या अंकात घेऊ. तक्रार वरवर सगळ्यांची एकच आहे पण कारणं अगदी वेगवेगळी, त्यामुळे दुसऱ्याला लागू पडलेलं औषध तुम्हाला लागू पडेलच असं नाही. आग सकाळी होते का संध्याकाळी, खाज आहे का, पापण्या चिकटतात का, एकाच डोळ्यात आहे का दोन्ही, असल्या बारीक गोष्टींवरूनच खरं कारण सापडतं आणि ते तुम्ही छान लिहून पाठवलंत, म्हणून पत्रं शक्यतो तुमच्याच शब्दात दिलीयत.

प्रश्न : मॅडम, माझं दिवसभर कॉम्प्युटरवर काम असतं. सकाळी काही वाटत नाही पण दुपारनंतर डोळ्यांची आग सुरू होते, लाल होतात आणि मधूनच घळाघळा पाणी येतं. मैत्रीण म्हणते डोळे कोरडे पडलेत. पण पाणी तर वाहतंय, मग कोरडे कसे? आणि निळा प्रकाश अडवणारा चष्मा घेऊ का?

ताई, मैत्रीण बरोबर सांगतेय. हा प्रश्न मला ओपीडीत रोज कोणी ना कोणी विचारतं आणि सुरुवातीला कुणाचाच विश्वास बसत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

डोळ्यावर अश्रूंचा एक पातळ थर कायम पसरलेला असतो. तो नुसता पाण्याचा नसतो. डोळ्याला लागून चिकट म्युकस असतं त्यामुळे पाणी डोळ्यावर धरून राहतं, त्यावर पाणी, आणि सगळ्यात वर तेलाचा अगदी पातळ पदर, जो ते पाणी उडून जाऊ देत नाही. आपण पापणी मिटली की हा थर नव्याने पसरतो. आता होतं काय, गप्पा मारताना किंवा इकडेतिकडे बघताना आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापणी मिटतो, पण स्क्रीनकडे टक लावून बघायला लागलो की तेच ५ ते ७ वर येतं, आणि जे मिटतो तेही अर्धवट, म्हणजे वरची पापणी खालीपर्यंत येतच नाही. मग डोळ्याचा खालचा भाग उघडा पडतो, थर मधेमधे फाटतो आणि तिथे बुबुळावरच्या नसांना हवा लागते. शरीरात या जागेइतक्या दाट नसा दुसरीकडे क्वचितच असतील, त्यामुळे एवढ्याशा कोरड्या ठिपक्यानेही आग होते.

आणि आग झाली की मेंदू वरच्या मोठ्या अश्रूग्रंथीला हुकूम सोडतो की पाणी सोड. ते पाणी एकदम भसकन येतं, त्यात तेल आणि म्युकसचा मेळ नसतो, त्यामुळे ते डोळ्यावर टिकत नाही, गालावरून ओघळून जातं आणि डोळा परत होता तसा कोरडा. म्हणून पाणी येतंय आणि डोळा कोरडा आहे, ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

घरी एक अंदाज घेता येतो. दोनतीनदा सावकाश पूर्ण पापणी मिटा, मग डोळे उघडे ठेवून मनात सेकंद मोजा आणि चुरचुरायला लागलं की थांबा. १० सेकंदांच्या आतच चुरचुरत असेल तर थर लवकर फाटतोय असं समजायला हरकत नाही. पक्कं निदान मात्र तपासणीतूनच होतं, आम्ही डोळ्यात फ्लुरोसीनचा पिवळा रंग घालून निळ्या उजेडात बघतो तेव्हा तो थर कुठे आणि किती वेळात फाटतो ते अगदी डोळ्यासमोर दिसतं.

उपाय सांगते. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडी खाली आणा म्हणजे नजर खाली जाते, पापणी आपोआप थोडी उतरते आणि डोळ्याचा कमी भाग उघडा राहतो, लॅपटॉप उंच स्टँडवर ठेवणाऱ्यांची तक्रार जास्त असते ती यामुळेच. एसीचा किंवा पंख्याचा झोत थेट तोंडावर नको, गाडीतला एसी पण खाली वळवा. दर २० मिनिटांनी २० सेकंद तरी २० फुटांपलीकडे बघा हे सगळ्यांना पाठ असतं पण त्या २० सेकंदात पापण्या पूर्ण मिटायच्या असतात हे कुणी करत नाही, वरची पापणी खालच्या पापणीला टेकल्याचं जाणवलं पाहिजे अशी आठदहा वेळा मिटा. चष्म्याचा नंबर तपासून बरेच दिवस झाले असतील तर तो पण बघून घ्या, चुकीच्या नंबरने डोळे ताणले जातात आणि ताणाची तक्रारही लोक आग होते अशीच सांगतात. एवढं करून नाही भागलं तर कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप्स, म्हणजे कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज किंवा सोडियम हायलुरोनेटवाले, चालतात. फक्त दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या, का ते पुढच्या एका उत्तरात येईल.

निळ्या प्रकाशाच्या चष्म्यावर पैसे घालू नका. २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळून बघणाऱ्या संस्थेने बऱ्याच चाचण्या एकत्र तपासून निष्कर्ष काढला की स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा शीण अशा काचांनी बहुधा कमी होत नाही. तुमचा त्रास प्रकाशाच्या रंगाचा नाहीच, न मिटलेल्या पापण्यांचा आहे.

प्रश्न : माझं उलटं आहे. दिवसभर ठीक असतं पण सकाळी उठल्या उठल्या डोळे जळतात, पापण्या चिकटलेल्या असतात, केसांच्या मुळाशी कोंड्यासारखं काहीतरी दिसतं. सारखी रांजणवाडी पण होते. अँटिबायोटिक ड्रॉप्सने तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

दादा, तुम्ही जे लिहिलंय ते पापण्यांच्या कडेची सूज म्हणजे ब्लेफरायटिसचं वर्णन आहे. वर मी अश्रूंमधल्या तेलाच्या पदराबद्दल लिहिलं ना, ते तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या छोट्या ग्रंथींतून येतं, वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० अशा त्या रांगेने असतात. हाइनरिक माइबोम नावाच्या जर्मन डॉक्टरने १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं म्हणून त्यांना माइबोमियन ग्रंथी म्हणतात. तपासताना मी पापणीची कड बोटाने हलकीच दाबते, निरोगी असेल तर तोंडाशी स्वच्छ पातळ तेलाचा थेंब चमकतो, आणि तुमच्यासारख्या पेशंटमध्ये टूथपेस्टसारखं घट्ट पांढरं काहीतरी हळूहळू बाहेर येतं किंवा काहीच येत नाही. तेल तुंबलं की ग्रंथी सुजते, तीच रांजणवाडी. रात्रभर डोळे मिटलेले असताना ही सगळी घाण आणि सूज आणणारी द्रव्यं डोळ्यावर साचून राहतात, म्हणून आग सकाळी जास्त.

यावर सगळ्यात चांगला उपाय शेक आहे पण तो नीट द्यायला लागतो आणि इथेच बहुतेकजण कंटाळतात. स्वच्छ कापड सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळा, आधी मनगटाला लावून बघा, मग मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा. घट्ट झालेलं तेल वितळायला पापणी ४० अंशांच्या आसपास काही मिनिटं गरम राहावी लागते आणि कापड तर दोनेक मिनिटात गार होतं, म्हणून ते परत परत गरम करून एकूण दहा मिनिटं शेक द्या, एकदा ठेवून पाच मिनिटं पडून राहिलात तर उपयोग नाही. मग लगेच, तेल पातळ आहे तोवर, स्वच्छ बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची पापणी खालून वर, पापणीच्या कडेच्या दिशेने हलक्या हाताने सारा. डोळ्याच्या गोळ्यावर दाब नको आणि चोळणं तर अजिबात नको. शेवटी पापण्यांच्या मुळाशी असलेला कोंडा पापण्या पुसायच्या तयार वाइप्सने किंवा उकळून कोमट केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसून काढा.

सुरुवातीचे काही आठवडे दिवसातून दोनदा, मग रोज एकदा. हे कायमचं जाणारं दुखणं नाही, आवरून ठेवायचं दुखणं आहे, हे मी पेशंटला पहिल्याच दिवशी सांगते कारण बरं वाटलं की शेक बंद होतो आणि महिन्याभरात सगळं परत सुरू. केसांच्या मुळाभोवती नळीसारखी पांढरी पुटं असतील तर तिथे डेमोडेक्स नावाचे डोळ्याला न दिसणारे किडे वाढलेले असू शकतात, त्याचा इलाज वेगळा आहे, डॉक्टरांकडून करून घ्या. त्यासाठी टी ट्री ऑइल लावा असं ऐकलं असेल तर निव्वळ तेल डोळ्याजवळ नेऊ नका, त्याने भाजतं.

सकाळी आग आहे पण कोंडा नाही, चिकटपणा नाही, असं कुणाचं असेल त्यांनी घरच्यांना झोपेत आपले डोळे बघायला सांगा. बऱ्याच जणांच्या पापण्या झोपेत थोड्या उघड्या राहतात आणि त्यांना स्वतःला पत्ताच नसतो. त्यांना रात्री डोळ्यात घालायचं जेल किंवा मलम खूप आराम देतं.

प्रश्न : डोळे लाल व्हायचे म्हणून मेडिकलमधून ड्रॉप्स आणले. घातले की डोळे लगेच पांढरेशुभ्र. आता दिवसातून पाचसहा वेळा घालावे लागतात, नाही घातले तर आधीपेक्षा लाल होतात आणि आग पण होते. औषध बदलू का?

औषध बदलू नका, आधी बाटलीवरचं नाव वाचा आणि ती बाटली घेऊन डॉक्टरकडे जा. पत्रात तुम्ही औषधाचं नाव लिहिलं नाहीये त्यामुळे दोन्ही शक्यता सांगते.

एक म्हणजे नाफाझोलिन, टेट्राहायड्रोझोलिन अशी लाली घालवणारी औषधं. ती रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून डोळा पांढरा दिसतो, मूळ कारणाला हातही लागत नाही. असर उतरला की त्याच रक्तवाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात, मग परत थेंब, परत लाली, असं ते चक्र लागतं. ती बंद केल्यावर काही दिवस, कधीकधी काही आठवडे डोळे लालच राहतील, तेवढा काळ काढायचा, त्यावर दुसरा कुठला थेंब शोधायचा नाही.

दुसरी शक्यता मला जास्त काळजीची वाटते ती म्हणजे स्टिरॉइड. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यातलं काही नाव असेल तर आजच अपॉइंटमेंट घ्या. स्टिरॉइड हे उत्तम औषध आहे, योग्य पेशंटला आम्ही ते देतोच, पण देताना डोळ्याचं प्रेशर मोजत राहतो. कारण काही लोकांच्या डोळ्यात त्याने प्रेशर वाढतं, दुखत नाही, काही जाणवत नाही, उलट डोळा छान शांत वाटतो आणि आतल्या आत काचबिंदू होऊन नजर कडेने जात राहते. गेलेली ती नजर कुठल्याही ऑपरेशनने परत येत नाही. मोतीबिंदू पण लवकर होतो, आणि मूळ त्रास हर्पिसच्या व्हायरसचा असेल तर स्टिरॉइडने बुबुळावरची जखम पसरते. प्रेशर बघितल्याशिवाय चालू ठेवू नका आणि बरेच दिवस चालू असेल तर मनाने एकदम बंदही करू नका, ते टप्प्याटप्प्याने उतरवायचं असतं. जुन्या चिठ्ठीवर परत परत आणलेल्या अशा बाटल्यांनी तरुण मुलांची नजर गेलेली मी बघितलीय, म्हणून इतक्या कळकळीने लिहितेय.

आणि औषध कुठलंही असो, बहुतेक बाटल्यांत जंतू वाढू नयेत म्हणून बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्व्हेटिव्ह असतं. दिवसातून दोनतीनदा ते बहुतेकांना चालतं, पण सारखं सारखं गेलं की अश्रूंचा तेलाचा पदर मोडतं आणि बुबुळावरच्या पेशींना त्रास देतं, म्हणजे आग थांबवायला घातलेल्या थेंबानेच आग. काचबिंदूचे थेंब वर्षानुवर्षं घालणाऱ्यांनाही हा त्रास होतो, त्यांनी थेंब मुळीच बंद करायचे नाहीत, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेला पर्याय मागायचा.

प्रश्न : आठ वर्षांचा मुलगा सारखे डोळे चोळतो. लाल असतात, तार येते. ओरडलं की थांबतो, मग परत. हवा बदलली की जास्त होतं.

ताई, त्याला ओरडू नका, त्याला खरंच सहन होत नसणार. जिथे खाज हे मुख्य लक्षण आहे तिथे आधी अ‍ॅलर्जीचा विचार करायचा. चोळल्याने क्षणभर बरं वाटतं पण ज्या पेशींमधून खाज आणणारं हिस्टामिन बाहेर पडतं त्या चोळण्याने अजून फुटतात आणि खाज वाढते. शिवाय वर्षानुवर्षं जोरात चोळत राहिलं तर बुबुळ पातळ होऊन पुढे शंकूसारखं येण्याचा धोका वाढतो, त्याला केराटोकोनस म्हणतात, आणि अशा मुलांचा चष्म्याचा नंबर भराभर बदलतो. खाज सुटली की गार पाण्याची पट्टी डोळ्यांवर ठेवायची सवय लावा, अ‍ॅलर्जीला शेक नको, गारवाच हवा. बाहेरून आला की तोंड धुवायचं, उशीचा अभ्रा वरचेवर गरम पाण्यात धुवायचा. ओलोपॅटाडिन, केटोटिफेन असे अ‍ॅलर्जीचे थेंब चांगले काम करतात पण मुलाचं वय बघून डॉक्टरांनाच ठरवू द्या. उजेड सहन होत नसेल, सकाळी डोळे उघडायलाच वेळ लागत असेल तर थांबू नका, लहान मुलांत, त्यातही मुलग्यांत, याचा एक जोरकस प्रकार असतो तो बुबुळाला इजा करतो.

प्रश्न : पोहून आल्यावर डोळे झोंबतात. क्लोरीन जास्त टाकतात का?

बहुतेक वेळा जास्त क्लोरीनपेक्षा पाण्यातला घाम आणि लघवी हे कारण असतं. त्यांच्याशी संयोग होऊन क्लोरामाइन्स तयार होतात, तेच डोळ्याला झोंबतात आणि तलावाजवळ जो उग्र वास येतो तोही त्यांचाच. घट्ट बसणारा गॉगल लावा, पाण्यात उतरायच्या आधी सगळ्यांनी अंघोळ करावी हा नियम यासाठीच आहे. कॉन्टॅक्ट लेन्स घालून पोहू नका.

प्रश्न : माझं वय ५४. दोन वर्षांपासून डोळ्यात रेती गेल्यासारखं खुपतं, आग होते. तोंडही कोरडं पडतं, कोरडा घास पाण्याशिवाय गिळता येत नाही, बोटांचे सांधे सकाळी आखडतात. सगळे म्हणतात वयामुळे होतं. मासळीच्या तेलाच्या गोळ्या घेऊ का?

काकू, पाळी गेल्यानंतर डोळे कोरडे पडणं खूप बायकांना होतं हे खरं आहे, पण तुमच्या पत्रात डोळे, तोंड आणि सांधे असं तिन्ही एकत्र आलंय, ते वयावर ढकलून सोडून देण्यासारखं नाही. श्योग्रेन्स सिंड्रोम म्हणून एक आजार आहे, स्वीडनच्या हेनरिक श्योग्रेन या नेत्रतज्ज्ञाने १९३३ साली त्यावर प्रबंध लिहिला, त्यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते. बायकांमध्येच जास्त दिसतो, बरेचदा संधिवाताबरोबर असतो. तुम्हाला तोच आहे असं मी म्हणत नाहीये, पण डोळ्यांच्या डॉक्टरांना या तिन्ही तक्रारी एकत्र सांगा, नुसत्या डोळ्यांच्या नको. ते खालच्या पापणीत कागदाची छोटी पट्टी पाच मिनिटं ठेवून ती किती ओली होते ते मोजतील, ५ मिलिमीटरपेक्षा कमी ओली झाली तर अश्रू खूपच कमी बनतायत. मग रक्ताच्या तपासण्या आणि संधिवाताच्या डॉक्टरांचा सल्ला.

चालू असलेल्या गोळ्यांची यादीही न्या. सर्दीअ‍ॅलर्जीच्या, झोपेच्या, नैराश्यावरच्या, लघवी वाढवणाऱ्या, अशा बऱ्याच गोळ्यांनी डोळे कोरडे पडतात. मासळीच्या तेलाबद्दल २०१८ मध्ये मोठी चाचणी झाली होती, पाचशेहून जास्त लोकांना वर्षभर एकतर रोज मासळीच्या तेलातलं ३००० मिलिग्रॅम ओमेगा-३ किंवा नुसतं ऑलिव्ह तेल असं दिलं, बरं दोघांनाही वाटलं पण दोन्हींत फरक काही निघाला नाही. त्यामुळे त्या गोळ्यांच्या भरवशावर तपासणी पुढे ढकलू नका.

प्रश्न : लेन्स लावते. कालपासून एका डोळ्याची आग होतेय, उजेड बघवत नाही, थोडं धूसर दिसतंय. लेन्स काढून दोन दिवस वाट बघू का?

वाट बघू नका, आजच जा. लेन्स लगेच काढा पण फेकू नका, डबी आणि सोल्यूशनसकट डॉक्टरकडे न्या, त्यातून कुठले जंतू आहेत ते तपासता येतं. लेन्सवाल्याचा एकच डोळा लाल, दुखरा, उजेड न सोसणारा आणि धूसर झाला की बुबुळावर अल्सर म्हणजे जखम नाही ना हे आधी बघायचं असतं, आणि तो एकदोन दिवसात खूप वाढू शकतो. लेन्स किंवा डबी नळाच्या पाण्याने धुवत असाल तर तेही सांगा, नळाच्या पाण्यात अकांथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो आणि त्याचा संसर्ग बरा करायला महिनोन् महिने जातात. लेन्स न लावताही ज्यांना दुखणं, धूसर दिसणं आणि उजेडाचा त्रास हे तिन्ही आहे त्यांनीही हेच उत्तर आपल्यासाठी समजावं.

प्रश्न : साफसफाई करताना ड्रेन क्लीनरचा थेंब डोळ्यात उडाला होता. लगेच दवाखान्यात पळालो. डॉक्टर म्हणाले आधी धुवायला हवं होतं. किती वेळ?

आधी पाणी, मग दवाखाना. असं काही उडालं की पहिल्या काही सेकंदांना फार किंमत असते, त्यामुळे शुद्ध पाणी, सलाईन असलं काही शोधत बसू नका, जे स्वच्छ पाणी हाताशी असेल, नळाचं का असेना, त्याखाली डोळा धरा. बोटांनी पापण्या उघड्या ठेवा, डोळा वर खाली डावीउजवीकडे फिरवा आणि घड्याळ लावून निदान १५ ते २० मिनिटं सलग धुवा. लेन्स असेल तर धुता धुता काढा. एकाच डोळ्यात उडालं असेल तर तो डोळा खालच्या बाजूला करा म्हणजे पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. अ‍ॅसिड आहे म्हणून त्यावर सोडा घालणं असले प्रकार करू नका.

ड्रेन क्लीनर, सिमेंट, चुना, अमोनिया हे अल्कलीचे पदार्थ बरेचदा अ‍ॅसिडपेक्षा जास्त नुकसान करतात, कारण ते पेशी विरघळवत आत आत जात राहतात, दुखणं कमी झालं तरी आतलं काम चालूच असतं. सिमेंट किंवा चुना गेला असेल तर नुसतं धुऊन भागत नाही, कण वरच्या पापणीच्या आत अडकतात आणि पापणी उलटून ते काढावे लागतात, ते डॉक्टरांनाच करू द्या. धुऊन झालं की डोळ्यावर पट्टी न बांधता, न चोळता निघा, आणि ती क्लीनरची बाटली सोबत घ्या, आत नेमकं काय होतं ते लेबलवरून लगेच कळतं.